भंडाऱ्याचा पराभव

भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी तालुक्यांत करडी नांवाचें एक गांव आहे. भातशेती, तळीं, विड्या वळणारे हात आणि पावसाळ्यांतला चिखल, अशी ह्या मुलखाची ओळख. मध्यंतरीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्हांस तेथें जाण्याचा योग आला. त्याच्या घरीं त्या दिवशीं वातावरण कांहींसें उदास होतें. त्याचा धाकटा भाऊ ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस राखीव जागेवर उभा राहिला होता आणि थोडक्या मतांनीं पडला होता. पुन्हां म्हणून ह्या भानगडींत शिरावयाचें नाहीं, असें तो निक्षून सांगत होता. घरांतली म्हातारी आजी बराच वेळ गप्प होती. शेवटीं ती एवढेंच म्हणाली, "आपले बाबासाहेब बी याच जिल्ह्यांत पडले होते, बापू. तू कोन लागून गेला?"

त्या वाक्यावर घरांतले सगळे हंसले. तो तरुणहि नाइलाजानें हंसला. आम्हीहि हंसलों. परंतु भंडाऱ्याकडे परततांना तें वाक्य आमच्या मनांतून जाईना. आजीचें सांत्वन खरें होतें, कीं नुसतें गोड होतें? मोठीं माणसेंहि पडतात, एवढ्यानें लहान माणसाचें काय भागतें? ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हें वचन शाळेच्या भिंतींवर आपण सर्वांनीं वाचलेलें आहे. परंतु अपयश जर नेहमींच पायरी होत असतें, तर जगांत पडलेलीं माणसें इतकीं आहेत कीं, यशाच्या माडीवर उभें राहावयासहि जागा उरली नसती. पुष्कळांचें अपयश पायरी न होतां वाटेंतला धोंडाच होऊन बसतें. तेव्हां प्रश्न असा कीं, कोणत्या अपयशाची पायरी होते, आणि ती कशी होते? पुढाऱ्याच्या बाबतींत तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा. कारण त्याच्या अपयशाचें मोल तो एकटा देत नाहीं, त्याच्यामागून येणारे सहस्रावधि लोक देतात. भंडाऱ्याचा १९५४ चा पराभव ह्या दृष्टीनें पुन्हां तपासून पाहावा, असें आम्हांस वाटतें.

ती पोटनिवडणूक मुळांत लागली कशी, हेंच मोठें उद्बोधक आहे. भंडारा जिल्हा तेव्हां जुन्या मध्यप्रदेश राज्यांत मोडत असे. त्या राज्याची राजधानी नागपूर होती, आणि आजचा गोंदिया जिल्हाहि भंडाऱ्याच्याच पोटांत होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठीं राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले, आणि त्या निवडणुकीस आव्हान देण्यांत आलें. मुख्य आक्षेप दोन होते. जसानी ज्या विडीच्या पेढीचे भागीदार होते, तिनें सैनिकांच्या कँटीनसाठीं सरकारला विड्या पुरविण्याचें पत्करलें होतें, आणि सरकारशीं असा करार असलेल्या मनुष्यास कायद्यानें उमेदवार होतां येत नव्हतें, हा पहिला. दुसरा आक्षेप ह्याहून विलक्षण होता. राखीव जागेसाठीं ठवरे आडनांवाच्या एका गृहस्थांनीं अर्ज भरला होता. ते जन्मानें महार. परंतु त्यांनीं महानुभाव पंथाची दीक्षा घेतली होती. सबब ते आतां महार राहिले नाहींत, असें ठरवून निवडणूक अधिकाऱ्यानें त्यांचा अर्ज फेटाळला होता.

९ फेब्रुवारी १९५४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस हे पूर्वीं नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ह्या मुलखाची त्यांना चांगली माहिती असणार. पंथ बदलला तरी ह्या गृहस्थांस त्यांच्या मूळ समाजानें बाहेर काढलेलें नाहीं, आणि ते स्वतःहि आपणांस त्याच समाजाचे मानतात. तेव्हां निवडणुकीच्या कायद्यापुरते ते महारच आहेत, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. अर्ज चुकीनें फेटाळला गेल्यामुळें सगळी निवडणूकच रद्द झाली आणि भंडाऱ्याच्या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या. पंथ बदलल्यानें माणसाची जात सुटते काय, ह्या प्रश्नांतून जन्मलेल्या पोटनिवडणुकीस डॉ. भीमराव आंबेडकर उभे राहिले, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योगायोग म्हटला पाहिजे. हाच प्रश्न पुढें दोन वर्षांनीं ते फार मोठ्या प्रमाणावर उभा करणार होते.

त्या वेळीं त्यांना ६३ वर्षें पूर्ण झालीं होतीं आणि मधुमेहानें शरीर पोखरलें होतें. घटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद आणि कायदेमंत्रिपद हीं मागें पडलीं होतीं. हिंदु कायद्याच्या संहितेचें विधेयक संसदेंत रखडलें, म्हणून २७ सप्टेंबर १९५१ रोजीं त्यांनीं मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. लगेच आलेल्या निवडणुकींत ते उत्तर मुंबईंतून उभे राहिले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून १४ हजारांहून अधिक मतांनीं पडले. त्यांच्याबरोबर उभे असलेले समाजवादी पक्षाचे अशोक मेहता हेहि पडले. त्यानंतर डॉ. आंबेडकर मुंबई राज्यांतून राज्यसभेवर गेले. म्हणजे १९५४ सालीं त्यांना संसदेंत बसावयास जागा नव्हती, असें नाहीं. तरीहि लोकांच्या मतानें लोकसभेंत जावें, ह्या इच्छेनें ते उन्हाळ्याच्या ऐन तापांत भंडारा जिल्ह्यांत प्रचारास आले.

मे महिन्यांत निकाल लागला. सर्वसाधारण जागा अशोक मेहता यांनीं जिंकली. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांना मिळाली. डॉ. आंबेडकर सुमारें ८ हजार मतांनीं मागें राहिले. दोन वर्षांपूर्वीं ज्यांच्या जोडीनें ते मुंबईंत पडले होते, ते मेहता ह्या वेळीं निवडून आले. ते स्वतः मात्र पुन्हां पडले. ज्या माणसाच्या देखरेखीखालीं देशाच्या लोकशाहीचा आराखडा तयार झाला, त्यास त्या लोकशाहीनें दोनदां दारावरून परत पाठविलें.

ह्या पराभवाचें कारण एखाद्या भाषणांत किंवा एखाद्या कार्यकर्त्याच्या चुकींत शोधूं जातां तें सांपडणार नाहीं. तें मतदानाच्या रचनेंत आहे, म्हणून ती रचना थोडी समजून घेतली पाहिजे. द्विसदस्य मतदारसंघांत प्रत्येक मतदारास दोन मतें असत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत उमेदवारागणिक निरनिराळी पेटी असे, आणि तिच्यावर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. मतदारानें आपल्या दोन मतपत्रिका दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकावयाच्या. दोन्ही एकाच पेटींत टाकल्या, तर त्यांतील एक बाद होई. १९५२ च्या उत्तर मुंबईच्या मोजणींत अशा नाना कारणांनीं सत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या होत्या. मुख्य मुद्दा ह्याहि पलीकडचा आहे. राखीव जागा म्हणजे उमेदवार अनुसूचित जातीचा असावा, एवढाच अर्थ. त्याला निवडून देणारे मतदार मात्र सगळ्या मतदारसंघाचे. जो समाज लोकसंख्येंत थोडा, त्याचा प्रतिनिधि कोण हें ठरविणारीं बहुसंख्य मतें त्या समाजाबाहेरचीं. त्या समाजाचा सर्वांत लाडका मनुष्य पडूं शकतो आणि इतरांस अधिक सोयीचा वाटणारा निवडून येऊं शकतो. ह्यांत निवडून येणाऱ्या व्यक्तीचा दोष नाहीं. दोष यंत्राचा आहे. द्विसदस्य मतदारसंघ पुढें १९६१ च्या कायद्यानें बंद झाले, परंतु राखीव जागेच्या मतदानाचा हा गाभा तसाच राहिला.

हें यंत्र १९५४ सालीं नव्यानें बनलेलें नव्हतें. त्याचा पाया १९३२ सालीं पुण्यांत घातला गेला. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्यें ब्रिटिश सरकारनें जो जातीय निवाडा दिला, त्यांत अस्पृश्य मानलेल्या वर्गांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा स्वतंत्र मतदारसंघांतून देऊं केल्या होत्या. म्हणजे त्या जागांवरचे प्रतिनिधि त्याच वर्गाच्या मतांनीं निवडले गेले असते. गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत उपोषण आरंभिलें, आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजीं पुणें करार झाला. ७१ च्या जागीं १४८ जागा आल्या, परंतु मतदारसंघ संयुक्त झाले. संख्या दुपटीहून वाढली आणि किल्ली दुसऱ्याच्या हातीं गेली. ह्या करारांत आपल्या समाजाची हानि झाली, असें डॉ. आंबेडकर पुढें सतत लिहीत आले. भंडाऱ्याच्या मतपेट्या उघडल्या, तेव्हां त्यांतून २२ वर्षांपूर्वींच्या ह्या तडजोडीचाच जबाब बाहेर पडला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथें आमच्या मूळ प्रश्नाकडे वळतों. अपयश माणसाशीं बोलतें, परंतु सगळींच अपयशें एकच भाषा बोलत नाहींत. आमच्या समजुतीप्रमाणें त्यांचे दोन प्रकार आहेत. एक अपयश म्हणतें, ‘आज नाहीं’. दुसरें म्हणतें, ‘येथें नाहीं’. पहिल्याचें उत्तर धीर हें आहे. दुसऱ्याचें उत्तर वाट बदलणें हें आहे. जो पहिल्यास दुसरें समजतो, तो जिंकण्याच्या आदल्या दिवशीं घरीं परततो. जो दुसऱ्यास पहिलें समजतो, तो जन्मभर बंद भिंतीवर डोकें आपटतो आणि त्यालाच निष्ठा म्हणतो. पुढारीपणाचें अर्धें शहाणपण ह्या दोन हांका ओळखण्यांत आहे.

इतिहासांत पहिल्या प्रकारचीं उदाहरणें विपुल आहेत. शिवाजी महाराजांनीं १६६५ सालीं पुरंदरच्या तहानें २३ किल्ले मोंगलांना दिले आणि १२ आपल्याकडे ठेवले. तें अपयश ‘आज नाहीं’ असें म्हणणारें होतें. महाराजांनीं तें तसेंच ओळखलें. पांच वर्षें वाट पाहिली, आणि १६७० पासून तेच किल्ले एकामागून एक परत घेण्यास आरंभ केला. अमेरिकेंत अब्राहम लिंकन यांचा १८५८ सालीं सेनेटच्या जागेसाठीं डग्लस यांच्यापुढें निभाव लागला नाहीं. दोनच वर्षांनीं त्याच डग्लस यांना हरवून ते राष्ट्राध्यक्ष झाले. ह्या दोन्ही ठिकाणीं वाट तीच राहिली, वेळ बदलली. आपलीं बोधवचनें बहुधा अशाच उदाहरणांवरून बनलेलीं असतात. म्हणून तीं नेहमीं चिकाटीच शिकवितात आणि वाट बदलण्याचें धैर्य शिकवावयाचें विसरतात.

डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांत दोन्ही प्रकार आढळतात, आणि त्यांतच त्या चरित्राचें विशेष मोल आहे. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी त्यांनीं आपल्या अनुयायांसह प्राशन केलें. त्यानंतर अनुयायांवर हल्ले झाले आणि तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली. डिसेंबरांत ते पुन्हां महाडास गेले, तेव्हां हजारों माणसें सत्याग्रहाच्या तयारीनें जमलीं होतीं. परंतु मध्यंतरीं विरुद्ध पक्षानें दिवाणी न्यायालयांतून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. जमलेला समुदाय तुरुंगांत जावयास तयार होता. पुढाऱ्यानें एक शब्द उच्चारला असता तर तो तळ्याकडे निघाला असता. डॉ. आंबेडकरांनीं तो शब्द उच्चारला नाहीं. त्यांनीं सत्याग्रह तहकूब करावयास लोकांचें मन वळविलें आणि लढा न्यायालयांत नेला. पाणी न पितां परतणें हें त्या दिवसापुरतें अपयशच होतें, आणि उत्साहानें पेटलेल्या लोकांना तें पटवून देणें तर त्याहून कठीण. तो दावा दहा वर्षें चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूनें शेवटचा निकाल दिला. महाडचें अपयश ‘आज नाहीं’ म्हणत होतें, आणि तें तसेंच ऐकलें गेलें.

नाशिकची गोष्ट निराळी. २ मार्च १९३० रोजीं काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक धुरा भाऊराव गायकवाड यांच्यासारख्या निष्ठावंत कार्यकर्त्यांच्या खांद्यावर होती. वर्षांमागून वर्षें गेलीं. लोकांनीं मार खाल्ला, तुरुंग भोगला. मंदिराचें दार उघडलें नाहीं. येथें धीर धरा, असें सांगणारे थोडे नव्हते. परंतु मार्च १९३४ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं गायकवाडांना पत्र लिहून हा सत्याग्रह पुन्हां सुरू करूं नये, असें कळविलें. आपल्या लोकांना मूर्तिपूजक करावें म्हणून आपण हा लढा काढला नव्हता. त्यांच्यांत चैतन्य यावें आणि आपल्या स्थितीची त्यांस जाणीव व्हावी, हा हेतु होता व तो साधला आहे, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षीं, १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, येवल्याच्या परिषदेंत त्यांनीं धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. काळारामाच्या दारानें ‘येथें नाहीं’ असें सांगितलें होतें. तें ऐकण्यास पांच वर्षें लागलीं, परंतु ऐकल्यावर त्यांनीं स्वतःची वा लोकांची फसवणूक केली नाहीं.

ह्या दोन प्रसंगांतून पुढाऱ्याच्या अपयशाचा आणखी एक धर्म दिसतो. पुढाऱ्यानें पराभवाचा हिशेब अनुयायांना दिला पाहिजे. महाडांत तो हिशेब भरसभेंत दिला गेला, नाशिकच्या बाबतींत पत्रानें. सामान्य पुढारी पराभव झाला कीं एक तर शत्रूच्या कपटावर सगळा भार टाकतो, किंवा विजय झालाच आहे असें भासवितो. दोन्ही रीतींनीं लोक अडाणीच राहतात. काय साधलें, काय राहिलें आणि पुढें काय करावयाचें, हें जो सांगतो, त्याच्या मागचे लोक हरूनहि शहाणे होतात.

आतां राजकारणाच्या आघाडीवर पाहूं. १९४२ सालीं नागपुरास शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकींत फेडरेशनचा बहुतेक सर्वत्र पराभव झाला. संयुक्त मतदारसंघाचें यंत्र काय करूं शकतें, ह्याचा तो पहिला मोठा धडा होता. पुढें डॉ. आंबेडकर घटनासमितींत गेले तेहि बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्यानें. त्यानंतर १९५२ चें उत्तर मुंबई आलें. एवढ्यावरून वाट बंद आहे, असा निष्कर्ष काढणें घाईचें ठरलें असतें. मुंबईच्या पराभवास स्थानिक कारणेंहि असूं शकत होतीं. म्हणून त्यांनीं पुन्हां एकदां प्रयोग करून पाहिला, आणि तो विदर्भांत, जेथें त्यांच्या चळवळीचीं मुळें खोल गेलीं होतीं. येथेंहि तोच निकाल लागला, तेव्हां उत्तर स्पष्ट झालें. भंडारा हें ‘येथें नाहीं’ असें सांगणारें शेवटचें दार होतें. पुन्हां त्यांनीं लोकसभेची निवडणूक लढविली नाहीं.

एक गैरसमज आधींच दूर केला पाहिजे. भंडाऱ्यास पडले म्हणून डॉ. आंबेडकर बौद्ध झाले, असें म्हणणें हा इतिहासाचा विपर्यास होईल. धर्मांतराचा निर्धार १९३५ चा, आणि बौद्ध धर्माचा त्यांचा अभ्यास व ओढ त्या निवडणुकीच्या कितीतरी आधींची. निवडणूक जिंकली असती तरी ते त्याच वाटेनें गेले असते, असें मानण्यास भरपूर जागा आहे. मग पराभवानें काय केलें? आमच्या मतें त्यानें उरलेल्या थोड्या आयुष्याचा क्रम ठरविला. डिसेंबर १९५४ मध्यें ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले. त्याच महिन्याच्या २५ तारखेस पुण्याजवळ देहूरोड येथें त्यांच्या हस्तें बुद्धमूर्तीची स्थापना झाली. १९५५ सालीं भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांनीं ह्याच काळांत पुरा केला. तो त्यांच्या निधनानंतर १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत एवढें काम, आणि तेंहि अशा प्रकृतींत, तें लोकसभेच्या बांकावर बसून झालें असतें असें वाटत नाहीं.

राजकारणहि त्यांनीं सोडलें नाहीं. त्याचा पाया बदलला. ऑगस्ट १९५५ मध्यें फेडरेशनच्या कार्यकारिणीनें कायदेमंडळांतील राखीव जागा बंद कराव्या, असा ठराव केला. ज्या जागांसाठीं इतकी वर्षें झगडा केला, त्याच नकोत असें म्हणणें ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु जी जागा आपली म्हणून मिळते आणि दुसऱ्यांच्या मतांनीं भरते, ती असून नसल्यासारखी, हा अनुभव त्या ठरावामागें होता असें आम्हांस वाटतें. पुढें एका जातिसमूहापुरता असलेला पक्ष मोडून सर्वांना खुला असा रिपब्लिकन पक्ष काढावा, असा त्यांचा संकल्प झाला. तो पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं, त्यांच्या मागें, नागपुरांत स्थापन झाला. त्याच्या पुढच्या फाटाफुटीचा इतिहास सर्वश्रुत आहे. म्हणजे ह्या वाटेवरहि सारें फळलें, असें कोणी म्हणूं नये. वाट ओळखणें पुढाऱ्याच्या हातीं असतें. ती चालणें मागच्यांच्या.

येथें कोणी रास्त आक्षेप घेईल. पराभवांतून थोर कार्य निघालें म्हणून पराभव चांगला ठरतो काय? मुळींच नाहीं. त्यांच्यासारखा मनुष्य लोकसभेंत नसणें ही देशाची हानि होती, आणि ती कोणत्याहि तत्त्वज्ञानानें भरून निघत नाहीं. हिंदु कायद्याचीच गोष्ट घ्या. ज्या संहितेसाठीं त्यांनीं मंत्रिपद सोडलें, तिचे चार तुकडे होऊन १९५५ आणि १९५६ सालीं विवाह, वारसा, पालकत्व व दत्तक ह्या विषयांचे कायदे मंजूर झाले. तें अपयशहि ‘आज नाहीं’ ह्याच जातीचें ठरलें. परंतु ज्यानें तीं झाडें लावलीं, त्याला त्यांच्या सावलींत मंत्री म्हणून बसतां आलें नाहीं. नव्या वाटेचेंहि मोल द्यावें लागलें. ज्यांनीं बौद्ध धर्म स्वीकारला, त्यांस अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींना मुकावें लागलें. तो अन्याय १९९० च्या दुरुस्तीनें दूर झाला. म्हणजे एका पिढीहून अधिक काळ लोकांनीं आपल्या निवडीची किंमत मोजली. अपयश फुकट कांहीं शिकवीत नाहीं. तें सावकार आहे. त्याच्याकडून घेतलेलें शहाणपण व्याजासकट फेडावें लागतें.

आणि तरीहि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरकडे पाहिलें कीं मन थांबतें. भंडाऱ्याच्या निकालाला अडीच वर्षेंहि झालीं नव्हतीं. कुशीनाऱ्याचे भिक्षु चंद्रमणि यांच्याकडून डॉ. आंबेडकरांनीं दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखों लोकांना दिली. अवघ्या ५३ दिवसांनीं, ६ डिसेंबर रोजीं, ते गेले. भंडारा नागपुराहून फार दूर नाहीं. मधलें अंतर ६० किलोमीटरांच्या आसपास. ज्या मुलखाच्या मतपेट्यांनीं त्यांना दिल्लीस पाठविलें नाहीं, त्याच मुलखांतून माणसें पायीं, बैलगाड्यांनीं, आगगाडीनें नागपुरास लोटलीं. करडीची ती आजी तेव्हां सहा वर्षांची होती. बापाच्या खांद्यावर बसून आपण तेथें गेलों होतों आणि सगळीकडे पांढरींच पांढरीं लुगडीं दिसत होतीं, एवढेंच तिला आठवतें. मतदानाचा हक्क तिच्या बापास दोन वर्षांपूर्वींहि होता. परंतु त्या मोजणींत त्याच्या मताचें काय व्हावें, हें दुसरे ठरवीत होते. नागपूरच्या मैदानावर हात जोडून जो उभा राहिला, त्याचें मत कोणत्याहि पेटींत बाद होणार नव्हतें आणि त्याला दुसऱ्या कोणाच्या मताची जोड लागत नव्हती.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं परवां पत्र लिहिलें. तुझ्या भावास सांग, असें आम्हीं लिहिलें, कीं आजीचें वाक्य अर्धें आहे. बाबासाहेब येथें पडले, हें खरें. परंतु पडल्यावर त्यांनीं पराभवाला प्रश्न विचारला, तो तूंहि विचार. तुझ्या गांवांतल्या त्या थोडक्या मतांनीं तुला ‘आज नाहीं’ असें सांगितलें, कीं ‘येथें नाहीं’? घरोघर हिंडून पाहा, पडलेल्या मतांचा हिशेब कर, ज्यांनीं तुला मत दिलें त्यांच्यापुढें तो मांड. उत्तर ‘आज नाहीं’ असें आलें, तर पांच वर्षें कांहीं फार नव्हेत. गांवाचें काम त्यासाठीं अडून राहत नाहीं. ‘येथें नाहीं’ असें आलें, तर लाज न धरतां दुसरी वाट धर. मात्र उत्तर न ऐकतांच घरीं बसूं नकोस. तसें बसणें हाच खरा पराभव.

उत्तर अजून आलेलें नाहीं. विद्यार्थी इतकेंच कळवितो कीं, भाऊ आजकाल संध्याकाळीं घरीं नसतो. मतदारांची यादी घेऊन वाड्यावस्त्यांत फिरत असतो.